एच-३ चं घर

टोरांटोत दुपारचे अडीच वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. एप्रिल २०२४ मध्ये तिथे कँडिडेट्स स्पर्धा चालू होती, ते जवळपास तीन आठवडे मी ऑफिसात कुठल्या अवस्थेत जात होतो ते माझ्या मॅनेजरला विचारा. (नको, नकाच विचारू.) आठ खेळाडू, चौदा फेऱ्या, आणि जो पहिला येईल तो विश्वविजेत्याला आव्हान देणार. आठातले तीन आपले. आणि त्या तिघांत एक चक्क नाशिकचा, विदित गुजराथी. आमच्या भिवंडीपासून आग्रा रोड धरला की तोच रस्ता नाशिकला जातो, त्यामुळे विदित म्हणजे आपल्याच रस्त्यावरचा माणूस असा माझा एक सोयीस्कर समज आहे.

दुसऱ्या फेरीत विदित काळी मोहरी घेऊन हिकारू नाकामुरासमोर बसला. नाकामुरा तेव्हा क्लासिकल प्रकारात सलग ४७ डाव हरलेला नव्हता. डाव बर्लिन बचावाचा. हा बर्लिन म्हणजे बुद्धिबळातली भिंत. सन २००० मध्ये लंडनला क्रामनिकने हीच भिंत उभी केली आणि विश्वविजेत्या कास्पारोव्हला संपूर्ण सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. तेव्हापासून पांढरी मोहरीवाले या भिंतीला वळसा घालून जातात, एक प्यादं हळूच एक घर पुढे टाकतात आणि डाव शांतपणे खेळायला लागतात. नाकामुराही तसाच चालला होता. आणि डाव जेमतेम दहा-बारा खेळ्यांचा झालेला असताना विदितने आपला उंट उचलला आणि पांढऱ्या राजाच्या पुढ्यातल्या एच-३ वरच्या प्याद्यावर नेऊन आदळला.

मी खुर्चीतून उठलोच. घरात सगळे झोपलेले, ओरडताही येईना.

ही खेळी विदितला तिथे पटासमोर बसून सुचलेली नव्हती. ती घरून डब्यात भरून आणावी तशी तयार करून आणलेली होती. डाव विदितने जिंकला, नाकामुराची ती ४७ डावांची मालिका तिथे संपली. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवलं. पण मधल्या काळात काय झालं ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. त्या सुंदर उंटानंतर लगेच तिसऱ्या फेरीत विदित प्रज्ञानंदकडून हरला आणि चौथ्यात नेपोम्नियाचीकडून. स्पर्धा संपली तेव्हा त्याच्या नावावर १४ पैकी ६ गुण होते, नंबर सहावा. पहिला आला गुकेश, ९ गुणांनी, वय वर्षं १७.

तर मुद्दा असा की ही 'घरून आणलेली खेळी' हल्ली नेमकी किती कामाची असते? हा प्रश्न मला नुसता शौक म्हणून पडलेला नाही. आमच्या घरात सध्या यावर पैशांचा निर्णय व्हायचा आहे. त्याच्याकडे येतो.

आधी थोडं तांत्रिक. (पेशाच तो, इलाज नाही.) पूर्वी नवी खेळी शोधणं म्हणजे खाण खणण्यासारखं होतं. १९६६ पासून बेलग्रेडहून 'इन्फॉर्मेटर' नावाचे जाडजूड खंड निघायचे, त्यात जगभरातले निवडक डाव. कुणी नवी खेळी केली की तिच्यापुढे खास खूण. तो खंड आपल्याकडे येईपर्यंत महिने जायचे. म्हणजे एखाद्याने एखादी युक्ती शोधली की ती तिजोरीत ठेवता यायची, योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत. आता? डाव चालू असतानाच खेळी जगभर दिसते आणि डाव संपायच्या आत तिचं उत्तर इंजिनाने काढलेलं असतं. नव्या खेळीचं आयुष्य एक दिवस. विदितचा तो उंट दुसऱ्या दिवशीपासून सार्वजनिक मालमत्ता झाला.

आणि ही इंजिनं तरी कशी! २०१७ च्या डिसेंबरात डीपमाइंडच्या 'अल्फाझीरो'ने स्टॉकफिशशी १०० डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. माणसाचा एकही डाव त्याला दाखवलेला नव्हता, स्वतःशीच खेळून तो शिकला. त्याच्या डावांत लोकांना पहिली गोष्ट कुठली दिसली तर कडेचं प्यादं, एच स्तंभातलं, खुशाल पुढे धावत सुटलेलं. आमच्या लहानपणी 'कडेची प्यादी उगाच हलवू नका' हा पहिला धडा असायचा. आज ग्रँडमास्टर मंडळी किंग्ज इंडियन किंवा ग्रुनफेल्डच्या तयारीत बसलेल्या माणसासमोर तिसऱ्याच खेळीला एच-४ करतात. २०२० मध्ये स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्क आत घेतलं (ती कल्पना जपानी शोगीच्या इंजिनांतून आली, हा आमच्या धंद्यातला एक गोड भाग) आणि मग विषयच संपला. असंख्य ओपनिंगांना इंजिन एकच उत्तर देतं: शून्य पूर्णांक शून्य शून्य. सगळं बरोबरीत. काहीही खेळा.

म्हणजे 'सगळ्यात चांगली खेळी' शोधण्यात आता राम नाही, ती सगळ्यांकडे आहे. शोधायची असते ती तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाची खेळी, जी समोरच्याने उघडून पाहिलेली नसेल. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर समोरच्याचा कॅश मिस करायचा. त्याला स्वतःच्या डोक्याने विचार करायला लावायचा आणि त्याचं घड्याळ खायचं. बस, एवढंच.

पण हे दुधारी असतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये अस्तानाला विश्वविजेतेपदाच्या दुसऱ्या डावात डिंग लिरेनने वजिराच्या बाजूच्या नेहमीच्या ओपनिंगमध्ये चौथ्या खेळीला एच-३ केलं. चौथी खेळी आणि एच-३! क्लासमधल्या पोराने केली तर सर डोळे वटारतील. नेपोम्नियाची दचकला असेल-नसेल, पण तो डाव त्याने जिंकला. डिंग त्या सामन्यात पुढे परत उभा राहिला, सहाव्या डावात साध्यासुध्या लंडन सिस्टिमने जिंकला (जी आपल्या गल्लीतली पोरंही खेळतात) आणि शेवटी विश्वविजेता झाला. मग २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश त्याच्यासमोर आला. अकराव्या डावात गुकेशने तिसऱ्याच खेळीला बी-४ करून त्याला असं काही गोंधळवलं की सुरुवातीच्या चार-पाच खेळ्यांत घड्याळात जवळजवळ तासाभराचा फरक पडला. आता बोला! आणि मग अकराव्या खेळीला स्वतः गुकेशच तासभर विचार करत बसला. आणलेला सगळा फायदा पटावर सांडला. डाव त्याने जिंकला, पण तो डिंगच्या पुढच्या एका चुकीमुळे. आणि ते अख्खं विश्वविजेतेपद कुठे ठरलं? चौदाव्या डावात, पंचावन्नाव्या खेळीला, जवळजवळ बरोबरीच्या रटाळ एंडगेममध्ये, डिंगने एक हत्ती चुकीच्या घरात नेला तेव्हा. ओपनिंगच्या फायली केव्हाच बंद झाल्या होत्या.

२०२५ चं साल बघा. जुलैत बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. मानांकन पंधरावं. चीनची झू जिनेर, मग आपली हरिका, मग माजी विश्वविजेती तान झोंगयी, आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी. हंपीशी दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, मग रॅपिड टायब्रेक, आणि दुसऱ्या रॅपिड डावात काळ्या मोहऱ्यांनी विजय. सगळा खेळ नसांचा आणि घड्याळाचा. विश्वचषक जिंकला म्हणून ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला, तोवर तिच्याकडे त्याचा एकही नॉर्म नव्हता. नोव्हेंबरात खुला विश्वचषक आपल्या शेजारी गोव्यात झाला, २०६ खेळाडू. विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत घरी, प्रज्ञानंद चौथ्यात, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्वमध्ये. जिंकला उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह, वय १९. (सिंदारोव्हचा जन्म ८ डिसेंबर २००५ चा आणि दिव्याचा ९ डिसेंबर २००५ चा. एका दिवसाच्या अंतराने जन्मलेल्या दोघांनी एकाच वर्षी दोन विश्वचषक नेले. ज्योतिषवाल्यांनी यावर काम करायला हरकत नाही.)

असो. आता घरातली गोष्ट.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. ताई-भावोजी भिवंडीतच राहतात, कामतघरला, आमच्यापासून पाच मिनिटांवर. भावोजी मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. भिवंडी म्हटलं की लोकांना अजून यंत्रमाग आठवतात, पण आता अर्ध्या मुंबईची ऑनलाइन खरेदी इथल्याच गोदामांतून जाते. भाच्याला बुद्धिबळाचं वेड लॉकडाउनमध्ये लागलं, मोबाइलवर. सिसिलियनमधला नायडॉर्फ प्रकार त्याला सतरा खेळ्यांपर्यंत तोंडपाठ आहे. म्हणजे अक्षरशः पाठ, पाढ्यांसारखा. सांगा म्हटलं की घडाघडा सांगतो.

मागच्या महिन्यात ठाण्याला एक स्पर्धा होती. दिवसभर मीच त्याच्याबरोबर होतो. चौथ्या फेरीत समोर कल्याणची एक मुलगी होती, त्याच्याहून वर्षभराने लहान असेल. नायडॉर्फ सुरू झाला, साहेब खुशीत. सहाव्या खेळीला तिने एच-३ केलं. यात नवं काही नाही, ही खेळी फिशरनेही खेळलेली आहे आणि गेल्या काही वर्षांत ती परत भरपूर खेळली जाते. पण साहेबांच्या पाठांतरात सहाव्या खेळीला फक्त उंट बाहेर यायचा. बत्तीस खेळ्यांत डाव संपला. बाहेर आला तो रडत नव्हता, संतापलेला होता.

"मामा, तिने चुकीची खेळी केली ना?"

मी म्हटलं, "चुकीची कशी?"

"मग ती कोर्समध्ये का नाही?"

म्हणजे आउट ऑफ पोर्शन! पेपरात पोर्शनबाहेरचा प्रश्न आला की आपण जसे वर्गशिक्षकांकडे तक्रार न्यायचो तसा तो पंचांकडे जायच्या बेतात होता. लोकलमध्ये त्याने इंजिन लावून पाहिलं. इंजिन म्हणालं, एच-३ एकदम ठीक आहे. ते वाचून त्याचा चेहरा जो पडला तो ठाण्याहून कल्याण येईपर्यंत तसाच. तिथून पुढे रिक्षात तो एकच वाक्य बोलला, "मग मी तो सतरा खेळ्यांचा भाग कशाला पाठ केला?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता आलं नाही. त्याचं आहे ते पाठांतर वाया गेलं असं मला वाटत नाही. नायडॉर्फमध्ये राजाची किल्लेकोट कधी करायची, घोडा कुठल्या घरासाठी झुरतो, हे त्यातूनच हाताला लागतं. पण ते 'का'सकट पाठ असलं पाहिजे.

गेल्या शनिवारी मी एक प्रयोग केला. मोबाइल, लॅपटॉप सगळं बंद करून कपाटात. लाकडी पट काढला आणि विदितने एच-३ वर उंट मारला त्याच्या आदल्या खेळीची स्थिती मांडली. काळ्याची चाल. सांगितलं, "काय खेळशील ते सांग. घाई नाही." पहिली दहा मिनिटं तो इंजिनाच्या आठवणीनेच चुळबुळत होता. मग हळूहळू बोट पटावर फिरायला लागलं. चाळीस मिनिटं बसला. उंटाचा बळी त्याला सापडला नाही (मलाही सापडला नसता), पण त्याने तीन गोष्टी बरोबर ओळखल्या: राजाजवळ रक्षक कमी आहेत, काळ्याची मोहरी त्या बाजूला वळू शकतात, आणि ते एच-३ चं प्यादं 'जरा बाहेर आलंय'. मी उंट उचलून एच-३ वर ठेवला तेव्हा त्याने जो श्वास आत घेतला, तो कुठल्याही कोर्सच्या व्हिडिओत त्याने घेतलेला मी पाहिला नाही.

तेवढ्यात पद्मानगरचे काका आले. हे काका मूळचे तेलुगू विणकर, तिसरी पिढी भिवंडीत. आठ माग होते, आता दोन उरलेत. ते बुद्धिबळ खेळतात ते देशी नियमांचं. प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालणार, किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह मिळायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची उडी. या खेळात ओपनिंगची थिअरी नावाची चीज नाही, कारण पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांत कुणाचं कुणाशी भांडणच होत नाही. भाच्याने त्यांना पाश्चात्त्य नियमांत तीनदा हरवलंय. देशी नियमांत तो त्यांच्याकडून दर वेळी हरतो आणि दर वेळी म्हणतो, "हे खरं चेस नाही."

मी त्याला मीर सुलतान खानची गोष्ट सांगितली. पंजाबातला माणूस, असल्याच देशी खेळात वाढलेला. १९२९ मध्ये इंग्लंडला गेला, ओपनिंगच्या बाबतीत कच्चा म्हणून प्रसिद्ध. त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, पुढे १९३२ आणि १९३३ ला परत जिंकला, आणि मधे हेस्टिंग्जच्या स्पर्धेत साक्षात कापाब्लांकाला हरवलं. चार-पाच वर्षांत मायदेशी परतला आणि खेळ सुटला. त्याला मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अर्ध्याहून जास्त शतकाने. काकांना मी हेही सांगितलं की कार्लसनसारखे लोक पाठांतराला कंटाळून हल्ली 'फ्रीस्टाइल' खेळतात, मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडून, ९६० पैकी कुठल्याही रचनेत. फिशरने १९९६ मध्ये काढलेला प्रकार. काका म्हणाले, "एवढ्या उशिरा कळलं त्यांना?" :-)

तर निर्णय पैशांचा. एका ऑनलाइन अकादमीने भाच्यासाठी 'संपूर्ण ओपनिंग रेपर्टरी' असा सहा महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी अठरा हजार. काळ्या-पांढऱ्या दोन्ही बाजूंनी प्रत्येक गोष्टीला उत्तर, सहाव्या खेळीच्या एच-३ ला सुद्धा. भावोजींच्या पगारात अठरा हजार म्हणजे काय ते तुम्हीच समजा. ताईने मला विचारलं, "तू यातला ना? सांग, भरू का?"

मी म्हटलं भरू नकोस. जे त्या कोर्समध्ये आहे ते फुकट आहे. स्टॉकफिश फुकट, लिचेस फुकट, विश्वविजेत्याच्या लॅपटॉपवर जे इंजिन आहे तेच तुझ्या मुलाच्या फोनवर आहे, फक्त त्याच्याकडे मशीन मोठं. जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच ओपनिंगचं ज्ञान ही सगळ्यात स्वस्त गोष्ट झालीय आणि आपण नेमकी तीच विकत घेतोय. त्यापेक्षा त्या पैशांत वर्षभर रेटेड स्पर्धा खेळव त्याला. ठाणे, पुणे, नाशिक. अनोळखी पोरांसमोर बसू दे, पोर्शनबाहेरचं येऊ दे.

ताईने कागदावर हिशेब मांडला. प्रवेश फी, दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं, पुण्याला राहायचं, खायचं, भावोजींची बुडालेली शनिवारची हजेरी. चार स्पर्धांतच अठरा हजार पार. मग ती म्हणाली, "विदितचे आई-वडील डॉक्टर. दिव्याचे आई-वडील डॉक्टर. इंजिन फुकट असेल रे, पण पुण्याची खोली फुकट नाही." यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरं आहे. कोर्स घरात बसून होतो. मुलगा डोळ्यांसमोर राहतो, शाळा बुडत नाही, आणि हप्त्याने भरता येतो. आईच्या बाजूने पाहिलं तर तीच सगळ्यात सुरक्षित खेळी.

शेवटी मी म्हटलं, दोन स्पर्धांना मी नेतो, खर्च माझा, शनिवार-रविवार माझे. ती म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं की?"

भाचा आतल्या खोलीत होता, त्याने सगळं ऐकलं असणार. बाहेर येऊन त्याने एवढंच विचारलं की ती कल्याणची मुलगी पुढच्या स्पर्धेला असेल का. मी म्हटलं बहुतेक असेल. कोर्सच्या सवलतीची मुदत सोमवारपर्यंत आहे.